हवेसाठी घेतलेले घर

वहिनीला क्षय झाला तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, आणि जगातल्या प्रत्येक दुःखामागे कोणीतरी गुन्हेगार असतोच अशी माझी खात्री होती. ती मला पत्रकांनी दिली होती. इतर मुले श्लोकांवर वाढतात तसा मी पातळ, स्वस्त चोपड्यांवर वाढलो. दारूविरुद्धच्या, केशवपनाविरुद्धच्या, गिरणीतल्या कामाच्या तासांबद्दलच्या. कॉलेजात जाऊ लागलो तेव्हा मी स्वतःही तसले लिहीत होतो आणि रविवारी लालबागेत उभा राहून वाटत होतो. घेणारे बहुतेक त्यात चणे बांधून नेत.

गिरगावात ठाकूरद्वारच्या एका वाडीत आमच्या तीन खोल्या होत्या. मागच्या खोलीत वहिनीला ठेवले होते. तिची चार वर्षांची मुलगी माझ्या आईजवळ मधल्या खोलीत निजे आणि तिला दाराच्या आत जायची बंदी होती. दाराबाहेर बसून ती भातुकली मांडी आणि वहिनी खाटेवरून तिला सांगे, "भाताला आधण ठेवलंस का गं?" एवढाच त्यांचा संसार उरला होता.

डॉक्टर म्हणाले, "समुद्रकाठी न्या. खिडक्या उघड्या ठेवा, दूध पाजा, पोटभर खाऊ द्या. अंगावर मांस चढलं की मुलीला जवळ द्यायला माझी हरकत नाही."

हे शेवटचे वाक्य वहिनीने धरून ठेवले. तिच्या लेखी बाकीचे सगळे औषध म्हणजे त्या वाक्यापर्यंत जायची वाट होती.

वडिलांनी आधी भाड्याने जागा पाहिल्या. शीवेला एका वाडीच्या मालकाने वहिनीचा खोकला ऐकला आणि त्याला एकाएकी आठवले की आपला पुतण्या राहायला येणार आहे. माहीमलाही तसेच झाले, फक्त तिथे पुतण्याऐवजी जावई येणार होता. तेव्हा जागा विकतच घ्यायची असे ठरले. वडिलांच्या कचेरीतल्या दोघातिघांनी दादरकडे "हवेची जागा" घेतली होती, शनिवारी दुपारी ते तिकडे जात आणि सोमवारी नारळ घेऊन परत येत. वडिलांना त्यांचा हेवा कधी वाटला नसेल असे नाही, पण त्यांनी स्वतःसाठी काही घेतल्याचे मी पाहिले नव्हते. आईचे दागिने गेले.

मी जेवताना बोललोच. "डिलाईल रोडला एका खोलीत माणसं पाळ्या लावून निजतात, आणि आपण दुसरं घर घेणार? हवा ही काय विकत घ्यायची वस्तू आहे?"

वडिलांनी भात कालवता कालवता म्हटले, "हळू बोल. ती आत ऐकते आहे."

तेव्हा मी गप्प बसलो. मनात मात्र बसलो नाही.

नारळी पौर्णिमेच्या आधी एका उघडिपीच्या दिवशी आम्ही जागा पाहायला गेलो. वडील, दादा, मी, आणि हट्टाने वहिनीसुद्धा. "राहायचं मला आहे, तर बघणार पण मीच," ती म्हणाली. भाड्याच्या घोडागाडीत तिला उशांना टेकवून बसवले. लालबाग आले, परळ आले. तिथे एके काळी शेटजींच्या बागा होत्या आणि खुद्द लाटसाहेबांची हवेली होती. मोठ्यांची हवा तेव्हा तिथे होती. मग गिरण्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या. ज्यांना उठता आले ते उठले, आणि ज्यांना उठता येत नाही अशांना तिथे आणून भरले. हवा अशी दर वीस-पंचवीस वर्षांनी उत्तरेला सरकते आणि पैसेवाले तिच्या मागे मागे जातात, असे एक पत्रक लिहावे असे गाडीत माझ्या मनात आले. वहिनी बाहेर बघत म्हणाली, "भाऊजी, ओठ हलताहेत तुमचे. पत्रक का?"

"नाही."

"आहे. पण ह्या खेपेला मला शिव्या नका देऊ त्यात. मी गरीबच आहे, नुसती गाडीत बसलेय."

दादरची वस्ती मागे टाकून नारळीच्या वाड्यांमधून आम्ही किनाऱ्याला आलो. घर लहानसे, कौलारू. तीन खोल्या, पुढे समुद्राकडे तोंड करून रुंद ओटी, बाजूला गोड्या पाण्याची विहीर. कुंपणापलीकडे वाळू धुतलेली, स्वच्छ. होड्या ओढून झापांखाली घातलेल्या. वारा असा की बोलताना शब्द मागे उडून जात. वहिनी ओटीवर बसली आणि बराच वेळ तिला खोकला आला नाही. दादाने माझ्याकडे पाहिले. माझ्या लग्न झालेल्या, मिशा राखलेल्या भावाचे डोळे भरले होते.

कुंपणापलीकडे वाळूत बांबू रोवून उंच चौकटी केल्या होत्या. आडव्या दोऱ्या ताणलेल्या, ओळींमागे ओळी, पार माहीमच्या दिशेने गेलेल्या. रिकाम्या.

वहिनी म्हणाली, "मांडव किती छान घातलेत! एवढे कशाला लागतात इथं? पडवळं?"

दलाल गृहस्थ पान खात होते. म्हणाले, "काय चढवाल ते चढेल, बाईसाहेब. जमीन चांगली आहे."

वडील म्हणाले, "कुंपणालगतचे दोन मागून घेता येतील. दोडका लावू." दादाने घोसाळी सुचवली. आम्ही चार शिकलेली माणसे समुद्रकाठच्या वाळूत उभी राहून कोणती भाजी लावायची यावर बोलत होतो. आमच्या घरात सात पिढ्यांत मासा शिजला नव्हता. मासे विकणारी दारावरून गेली तरी आमच्याकडे राहणारी आत्या दार लावून घेई. मासा पाण्यातून निघून टोपलीत येईपर्यंत कुठे असतो, हा प्रश्न आमच्यापैकी कोणाला कधी पडलाच नव्हता. दलाल एक अक्षरही खोटे बोलला नाही.

भाद्रपदात पक्ष पंधरवडा आला, त्यात नवे काही करायचे नाही. म्हणून साडेतीन मुहूर्तांपैकी एक असा दसरा धरला. वास्तुशांत झाली. वहिनी आणि तिची सेवा करायला आत्या अशा दोघी तिथे राहिल्या. दादाला कचेरी, म्हणून सोबतीला मी. कॉलेजात मी तिथूनच आगगाडीने जात असे.

पहिले दिवस चांगले गेले. त्या वर्षी पाऊस लांबला होता, समुद्र अजून खवळलेला होता, होड्या बाहेर पडत नव्हत्या. वहिनीने वरणभात मागून घेतला. आत्या म्हणाली, "पुन्हा वाढू?" आणि ती हो म्हणाली. हे मी लगेच गिरगावात जाऊन सांगितले. आईने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "तिला सांग, दिवाळीला पोरीला घेऊन येते." हे ऐकून वहिनीने आत्याकडून एक जुने लुगडे फाडून घेतले आणि बाहुलीची झबली शिवायला बसली.

मग समुद्र निवळला.

एका सकाळी वहिनीने ओटीवरून हाक मारली. "भाऊजी, मांडवावर वेल चढले बघा!" ती हसत होती. मी बाहेर आलो. सगळ्या चौकटी भरल्या होत्या. जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने दोरीवर टाकलेले बोंबील, उन्हात चांदीसारखे, हजारोंनी, दिसेल तिथपर्यंत. कोळणी गाणे म्हणत टोपल्या रिकाम्या करीत होत्या. खरे सांगायचे तर दृश्य सुंदर होते.

दुपारी समुद्राकडून वारा सुटला आणि घरात शिरला.

मी त्या वासाचे वर्णन करणार नाही. ज्यांना तो नेहमीचा आहे त्यांना तो जेवणाचा वास वाटतो आणि माझ्या वर्णनाने त्यांचा अपमान होईल. ज्यांना तो नेहमीचा नाही त्यांना वर्णन पुरणार नाही. आत्याने देव पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत नेले आणि तिथूनही कोठीत. वहिनीने दूध तोंडाला लावले आणि ओकली. संध्याकाळी पुन्हा ओकली, त्यात रक्त होते. आम्ही खिडक्या लावून घेतल्या. धूप घातला, तर धुराने खोकला. झापांची भिंत कुंपणाला बांधली, ती वाऱ्याने पाडली. ज्या मोकळ्या हवेसाठी घर घेतले तिच्यापासून वाचण्यासाठी आम्ही दारांच्या फटींत चिंध्या कोंबत होतो.

रविवारी वडील आणि दादा आले. त्यांना घेऊन मी कोळ्यांच्या वस्तीत गेलो. घरासमोरच्या चौकटी जिच्या होत्या ती साठीच्या घरातली कोळीण जाळ्याची भोके विणत बसली होती. वडिलांनी हात जोडून सांगितले, घरात आजारी माणूस आहे, वास सोसत नाही, ह्या चौकटी जरा लांब नेता येतील का.

"वलांडी?" चौकटींकडे बघत ती म्हणाली. "वलांडी नेऊ? कुठं नेऊ, तुमचे गिरगावात? माज्या सासूची सासू हितंच बोंबील सुकवायची. तुमी घर घेतलाव तवा इचारलाव काय कोनाला?"

"आम्ही पाहिलं तेव्हा इथं काही नव्हतं," दादा म्हणाला.

"कवा बगलाव?"

"श्रावणात."

ती हसली, तिच्या मागच्या दोन्ही सुना हसल्या. "पावसात! अरे बाबा, पावसात होडी बगावी, घर नाय बगू."

परत येताना दादा रागाने म्हणाला, "अर्ज करायचा. सरळ म्युनिसिपालिटीत. आरोग्याला अपायकारक म्हणून. एवढ्या नाकाखाली हे चालू देतात म्हणजे काय!" मग माझ्याकडे वळून, "तू लिही. लोकांच्या बाया-बापड्यांसाठी रकाने भरतोस, एकदा घरच्या बाईसाठी लिही."

मी म्हणालो, "ती माणसं आपल्या आधीची आहेत. जमीन त्यांची नाही म्हणून ती उठवायची, तर हेच मी इतकी वर्षं..."

"तत्त्व!" दादा म्हणाला. "माझी बायको रक्त ओकतेय आणि ह्याचं तत्त्व!"

वडील कचेरीत तीस वर्षे अर्ज वाचत आणि लिहीत आले होते. अर्जाचे काय होते ते त्यांना ठाऊक होते.

हे कुंपणाशी येईपर्यंत चालले होते आणि वहिनीने सगळे ऐकले होते. दादा आणि वडील गेल्यावर तिने मला बोलावले. उशाशी ती झबली पडली होती, एक बाही शिवायची राहिलेली.

"भाऊजी, लिहा."

"वहिनी, तुला वाटतं तसं नाही. त्यांचं पोट आहे त्यावर."

"मला दिसतंय. मी रोज बघते त्यांना. त्या धाकट्या सुनेला दिवस गेलेत, तरी टोपल्या उचलते." तिला धाप लागली. "मी वाईट म्हणतेच कुठं त्यांना? पण दिवाळी तोंडावर आली. मी खाल्लं नाही तर आणणार नाहीत तिला."

"आणि हे न्यायाचं नसलं तर?"

"न्याय मागाहून करा. तुम्हाला पुष्कळ आयुष्य आहे."

मी लिहिला. मला जे जे येत होते ते सगळे त्यात घातले. माझे कोणतेही पत्रक त्या अर्जाइतके धारदार नव्हते, हे मला लिहितानाच कळत होते. आजही मला तो चूक वाटत नाही आणि बरोबरही वाटत नाही. त्या घरात बरोबर असे काही करण्यासारखे उरले नव्हते.

काही दिवसांनी एक शिपाई वस्तीत जाऊन चौकशी करून आला. त्याच दुपारी ती कोळीण आमच्या ओटीवर येऊन उभी राहिली. कासोटा घट्ट, हातात कोयता. मारायला आणला नव्हता, कामावरून तशीच उठून आली होती. आत्या किंचाळून कोठीत पळाली.

"कागूद कोनी लिवला? भाइर या!"

मी पुढे झालो. पण दार उघडेच राहिले होते, आणि तिला आतली खाट दिसली. ती बोलायची थांबली. मग उंबऱ्याशी आली, पण आत पाय टाकला नाही.

"किती दिस झाले गो बाय?"

"चैत्रापासून," वहिनी म्हणाली.

"ताप?"

"रोज."

"पोरं?"

"एक मुलगी. गिरगावात ठेवलीय. इथं आणायची होती."

"मंग आना की. माजे घरात नातवांडं हायत, खेलतील."

"मी जेवले तर आणतील."

"आनि तू जेवत नाय."

वहिनी ओशाळून हसली. "वास येतो हो. तुम्हाला वाईट वाटेल, पण येतो."

कोळीण उंबऱ्याबाहेर खाली बसली. "माजी थोरली पोर अशीच गेली," ती म्हणाली. "तिला वासाचा काय नव्हता. खायाची सगला. तरी गेली." मग ती कोयता उचलून निघून गेली. मला शिव्या द्यायच्या राहून गेल्या.

दुसऱ्या सकाळी कुंपणालगतच्या दोन ओळी रिकाम्या होत्या. तिने आपले बोंबील काढून दुसऱ्यांच्या दोऱ्यांवर दाटीने टाकले होते. वहिनीला मी धरून खिडकीशी आणले. ती म्हणाली, "बघा, केलं तिनं." आम्ही खिडकी उघडली.

वास तसाच होता. वारा दोन ओळींवरून येत नव्हता, तो सगळ्या किनाऱ्यावरून येत होता. वहिनी खिडकीला धरून उभी राहिली आणि तोंडाने श्वास घेत राहिली. जणू आता थांबेल, थोडे थांबले तर थांबेल. मग मी खिडकी लावली. त्या ओळी मात्र कोळणीने पुष्कळ दिवस रिकाम्या ठेवल्या. आमच्याने तिला जाऊन सांगवेना की त्याचा उपयोग नाही.

अर्जाचे उत्तर आले नाही. अजून आलेले नाही.

वहिनीला परत गिरगावात न्यायचे ठरले, तर वाडीतल्या बिऱ्हाडकरूंनी वडिलांना गाठले. सगळी ओळखीची, एकमेकांच्या लग्नमुंजीत राबलेली माणसे. "नाना, तुमची हवेची जागा आहे ना, मग आजार परत वाडीत कशाला?" लेकरांची घरे त्यांची, त्यांचेही खोटे नव्हते. मी त्यांच्यावर भडकलो आणि भडकताना माझ्याच लक्षात आले की ह्यांनाही उद्देशून मला एक ओळ लिहिता येणार नाही. दलाल नाही, कोळीण नाही, वाडीवाले नाहीत, वडील तर नाहीतच. रात्रंदिवस ज्याला शोधत होतो तो गुन्हेगार मला समोर कुठे उभाच दिसेना. चिमण्या दिसत होत्या, परळावरच्या, पूर्वेला. पण त्यांच्याकडे बोट दाखवून वहिनीला घास जाणार नव्हता.

दिवाळी आली. वहिनी समुद्रकाठीच होती; आईने तिकडे फराळ पाठवला. मुलीला पाठवले नाही. वहिनीने करंजी हातात घेतली, मोडली, आणि परत ठेवली.

मार्गशीर्षात डॉक्टर येऊन गेले. विहिरीशी उभे राहून दादाशी बोलले आणि गाडीत बसले. त्यानंतरच्या रविवारी दादा मुलीला घेऊन आला.

वहिनीच्या चेहऱ्यावर आधी आनंद उजळला. मग ती दादाकडे बघत राहिली. "मी तर काहीच खाल्लं नाही," ती हळू म्हणाली. "मग डॉक्टरांनी परवानगी कशी दिली?" दादाने मान दुसरीकडे वळवली. तिला कळले. तिने मुलीला हाक मारली.

मुलगी नवा परकर नेसली होती. ती ओटीवर चढली, दारापर्यंत आली आणि थांबली. परकराचा घोळ उचलून तिने नाकावर धरला. तिला दाराबाहेर बसायची सवय होती, ती तिथेच बसली. वहिनी म्हणाली, "आत ये गं. आता यायचं. आता कोणी रागावणार नाही."

मुलीने मान हलवली. मग रडू लागली. "इथं घाण येते. आजीकडे जायचं."

आत्या म्हणाली, "असं बोलू नये बाळ, आई आहे ना तुझी." दादाने तिला उचलून आत नेले, तर तिने त्याच्या मानेत तोंड खुपसले आणि पाय झाडले. वहिनीने तिच्या पावलाला हात लावला. तेवढेच हाताला आले, पैंजणासकट एक लहान पाऊल, आणि तेही तिने ओढून घेतले.

"खरंच आहे तिचं," वहिनी म्हणाली. ती हसायचा प्रयत्न करीत होती. "येतेच घाण. न्या तिला. ऊन आहे तोवर न्या."

"थोडा वेळ थांबतो," दादा म्हणाला. "सवय होईल तिला."

"नको. तिला कशाला सवय करायची?"

गाडी जोडली. वहिनी कोणाचा हात न धरता उठली, भिंतीच्या आधाराने ओटीवर आली आणि खांबाला टेकून बसली. समुद्रावरून वारा सरळ येत होता. मी शाल आणली, ती तिने घेतली नाही. गाडी नारळीच्या वाडीत वळेपर्यंत ती बघत होती. मुलगी मागे बघत नव्हती, तिचे लक्ष घोड्याकडे होते.

मुलीला आणा, असे वहिनीने त्यानंतर एकदाही म्हटले नाही. माघात ती गेली, तेव्हाही नाही.